निर्माल्याचा खड्डा

कोलशेतला आमच्या शाळेमागेच खाडी आहे. नववीला परिसंस्था शिकवताना मी पुस्तक मिटते आणि वर्ग तिथे नेते. तिथेच त्या आजी पहिल्यांदा दिसल्या. निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी त्यांनी कपाळाला लावली आणि खारफुटीत सोडली.

"आजी, पिशवी नका ना टाकू, खेकडे अडकतात त्यात," वर्गातली एक मुलगी म्हणाली.

आजी चिडल्या नाहीत. "अगं, पण देवाला वाहिलेलं फूल कचऱ्याच्या डब्यात कसं टाकू?"

मुलीने त्यांना शाळेतला खताचा खड्डा दाखवला.

तेव्हापासून आजी रोज सकाळी येतात. खड्ड्यापाशी चपला काढतात, फुलं ओततात, हात जोडतात आणि रिकाम्या पिशवीची घडी करून कमरेला खोचतात. नाव मी अजून विचारलेलं नाही.

त्या खड्ड्यात वेफर्सची पाकिटं टाकू नका म्हणून मी वर्षभर घसा फोडला होता. कोण ऐकतंय! परवा मधल्या सुट्टीत दोन मुलं केळ्याची सालं टाकायला गेली, तर खड्ड्याजवळ वाकून आधी बुटांच्या नाड्या सोडत होती.