पेंढ्याच्या गाडीमागे

मुरबाडच्या एमआयडीसीत मी लेथ चालवतो. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला सायकलचं वेड, म्हणून त्याला पुढचं चेनव्हील, पायडलजवळचं दातेरी चाक, मीच कापून दिलं. परातीएवढं. पायडल एकदा फिरलं की सायकलने अख्खं अंगण ओलांडावं, असा हिशोब. कागदावर वेग मोटारसायकलला मागे टाकणारा निघाला. प्रत्यक्षात तो पायडलवर उभा राहिला तरी सायकल जागची हलेना.

"दादा, ही दसऱ्याला पूजायला बरी हाय," तो म्हणाला.

तेव्हाच मी गप्प बसायला हवं होतं. मी त्याला समजावलं, उतारावर सोडलीस तर चालेल. पुढे सगळा जोर हवा कापण्यात जातो, पण मोठ्या गाडीच्या पाठीला लागलास तर कापायला हवाच उरणार नाही.

भात झोडून झालं की शेणवे गावाकडून पेंढ्याचे ट्रक निघतात. तो उतारावर त्यांची वाट बघू लागला. सांगायला यायचा तेव्हा त्याचा आवाज खाली गेलेला असायचा. तिथे वाराच नसतो, म्हणायचा. पुढे तो जेवता जेवता उठून जाऊ लागला, तेव्हा बहीण माझ्याकडे आली.

"तू केलंस ना? मग तूच तोड. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला तर मी पोरीला काय सांगू रे?"

तो कामावर असताना मी सायकल उचलून आणली. तोडायचीच होती. पण त्याआधी फक्त एकदा, म्हणून भर दुपारी उतारावर गेलो.

ट्रकमागे सुटलो तेव्हा वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं. मग एकदम सगळं थांबलं. फडफडणारी बाही दंडावर पडली. पेंढ्याच्या काड्या माझ्या तोंडासमोर तरंगत होत्या. त्या मागे उडत नव्हत्या की खाली पडत नव्हत्या, काही तर ट्रककडे परत जात होत्या. पाय देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे सावकाश फिरत होते. बाजूची झाडं मात्र उरली नव्हती, नुसता करडा पट्टा. कुणीतरी कानाशी श्वास घेत होतं. तो माझाच होता, हे कळायला वेळ लागला.

चढाला ट्रक मंदावला, तेव्हा त्याची फळी माझ्या हँडलपासून हातभर होती. ब्रेक लावायची मला इच्छा नव्हती. तो हातांनीच लावला.

बहिणीला फोन करून तोडलं म्हणून सांगितलं. ती रडली. देव तुझं भलं करो, म्हणाली. मेव्हण्याची सायकल जुनं चेनव्हील बसवून परत दिली. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

मोठं चेनव्हील आता माझ्या सायकलला आहे. ग्राइंडर रोज हातात घेतो आणि खाली ठेवतो. या आठवड्यात पेंढ्याच्या गाड्या पुन्हा सुरू झाल्या. उद्याची मी सुट्टी टाकली आहे. बायकोने विचारलं तर काय सांगायचं, तेही ठरवून ठेवलं आहे.