ढिगावरचं यंत्र का बोंबललं

आता कुठून सुरुवात करू! परदेशातून पर्यावरणाची पदवी घेऊन नांदुऱ्याजवळच्या एका कॉलेजात शिकवायला आले, तेव्हा मनाची पक्की तयारी होती: इथे माझं कुणी ऐकणार नाही. लोक जांभया देतील, मी एकटी लढेन, वगैरे.

प्रत्यक्षात काय झालं? ऐकायला इतकी माणसं आली की त्यांनीच माझा घात केला!

कॉलेजात पूर्वी मेसचा कचरा पाल्याबरोबर पेटवून देत. मी हट्टाने मागच्या अंगणात खताचा खड्डा सुरू केला. मेस चालवणाऱ्या शोभाताई कुरकुरत का होईना, सालटं वेगळी ठेवू लागल्या. प्राचार्यांना मात्र त्याच जागेवर मोटारसायकलींसाठी शेड हवी होती. "खड्ड्याचा फायदा दाखवा मॅडम, नाहीतर मी बुजवतो."

दाखवते की! खतातून हवेत किती कार्बन डायऑक्साइड जातो ते मोजायचं, आणि आधीच्या धुरापेक्षा तो कमी आहे हे सिद्ध करायचं. मोजायचं यंत्र आलं. खड्ड्यातल्या ढिगावर उपडा ठेवायचा हवाबंद डबा मात्र यायचा होता. पण माझ्या उत्साहाला कुरिअरची वाट बघवते कुठे? यंत्र उघड्या ढिगावर ठेवलं, त्याच्यावर वाकले आणि जमलेल्या पोरांना समजावून सांगू लागले.

यंत्र पिकपिक करायला लागलं.

"मॅडम, हे काऊन बोंबलून राह्यलं?" शोभाताईंनी विचारलं.

"धोक्याचा इशारा आहे हा!" मी आणखी वाकून, आणखी तळमळीने सांगितलं. यंत्र आणखी जोरात बोंबललं.

झालं! अख्खं कॉलेज खड्ड्याकडे धावलं.

"काय निंघालं बे?"

"ग्यास निंघाला म्हणते!"

"सरक ना, मले पाहू दे!"

आकडा वाढला की डोकी वाढायची, डोकी वाढली की आकडा वाढायचा. आणि मी? मी भाषण देत होते. जीव तोडून.

त्यात मला प्रामाणिकपणाचं खूळ. आकडा लपवायचा नाही! सरळ प्राचार्यांना सांगितलं, "सर, खड्डा भयंकर वायू सोडतोय."

इतके खूश झालेले प्राचार्य मी कधी पाहिले नव्हते. "मग उद्याच जेसीबी बोलावतो."

"म्हंजे इतके दिवस मी सालटं निवडत बसली, ते कायले?" शोभाताई माझ्यावर उखडल्या. "आता पुन्हा तोच धूर खायाचा काय आम्ही?"

मला रडूच यायला लागलं. खड्डा माझा, आणि तो बुजवायला पुरावाही माझाच!

दुपारी प्राचार्यांच्या खोलीत बैठक. एसी लावला म्हणून दारं-खिडक्या बंद. टेबलावर मी यंत्र ठेवलं आणि बोलायला उभी राहिले. खड्डा वाचवण्यासाठी काय काय करता येईल, त्यावर. बराच वेळ.

पिकपिक, पिकपिक!

शोभाताईंनी वाकून टेबलाखाली पाहिलं. "इथं तं खत नाही, बाप्पा!"

"यंत्र फार संवेदनशील असतं," मी टेबलावर वाकून समजावू लागले. यंत्राने किंकाळीच फोडली.

प्राचार्य मूळचे जीवशास्त्राचे. त्यांनी शांतपणे यंत्र उचललं आणि माइकसारखं माझ्या तोंडासमोर धरलं. "बोला मॅडम."

"काय बोलू सर?"

तेवढ्यानेच आकडा असा उडाला की खड्ड्यालाही लाज वाटावी.

श्वासातून काय बाहेर पडतं, हे सहावीतलं पोरगं सांगेल हो! मी परदेशी जाऊन शिकून आले होते.

हसू आवरल्यावर प्राचार्य म्हणाले, "म्हणजे बंद खड्डा करायचा, का..." पुढचं त्यांनी सभ्यपणे गिळलं. "उद्या जेसीबी यायच्या आत पुन्हा मोजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यंत्र लांब बांबूला बांधलं, तोंडाला ओढणी गुंडाळली आणि दुरूनच ते ढिगावर धरलं. चकार आवाज नाही! आकडा मोकळ्या हवेपेक्षा जेमतेम वर.

"काय म्हणते मशीन?" शोभाताई मेसच्या दारातून ओरडल्या. मी नुसता अंगठा दाखवला.

जेसीबी परत गेला. डबा येऊन नीट मोजमाप होईपर्यंत खड्ड्याला अभय मिळालं. आणि बांबू हातात धरून तिथेच मी ठरवलं: कॉलेजचं उत्सर्जन कमी करायचं, तर सुरुवात स्वतःपासून. यापुढे तोंड बंद.

म्हणून तर हे सगळं तुम्हाला चहावर सांगत नाही, लिहून पाठवते आहे.