टॅम्सिनने न पाहिलेले शेवट

टॅम्सिन माउन्सी सिनेमाच्या पेपरातून रडत उठून गेली, ही बातमी त्या दिवशी पेपर संपायच्या आत शाळाभर झाली होती. कोणी म्हणालं तिला भोवळ आली. कोणी म्हणालं तिने उत्तरपत्रिका टराटरा फाडली. खरं एवढंच, की ती उठली, पेन खिशात टाकलं आणि बस पकडायला गेली. डोळे लाल होते ते गवताच्या परागांमुळे. जूनमध्ये तिचे डोळे तसेच असतात, आनंदात असली तरी.

वरच्या खोऱ्यात जाणारी शेवटची बस पावणेचारला सुटते. हॅलिवेल सरांचा सिनेमाचा तास बुधवारी, जेवणानंतर. सिनेमा ऐन भरात येतो, नायकाची नोकरी गेलेली असते, बहीण बोलायची बंद झालेली असते, आईला काहीतरी निघालेलं असतं, आणि टॅम्सिन उठून कोट घालते.

"सॉरी सर. बस."

"जा, टॅम्सिन. वाकून जा."

ती वाकून जायची. पण तिची टोपी गोंड्याची. दोन वर्षं पडद्यावर ब्रिटनमधल्या प्रत्येक दुःखी माणसाच्या तोंडावरून एका गोंड्याची सावली डावीकडून उजवीकडे सरकत गेली. आम्हाला ती सिनेमाचाच भाग वाटायला लागली होती.

अशा रीतीने दोन वर्षांत तिने एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नाही. घरी पाहावा तर शेत खोऱ्याच्या पार टोकाला, तिथे इंटरनेट येतं ते वाऱ्याच्या मर्जीने. सर डिस्क कपाटाबाहेर काढू देत नाहीत. एकदा एक घरी गेली, ती जॅम लागून परत आली.

सिनेमा हा विषय तिने घेतला, कारण त्या तासाला दुसरा विषय फ्रेंच होता.

"मेंढीशी फ्रेंच बोलून काय करू?" ती म्हणाली होती.

"आणि सिनेमाबद्दल काय बोलणार आहेस तिच्याशी?" तिचे बाबा म्हणाले होते.

पण आता त्याच विषयात तिला निदान 'सी' हवा होता. जनावरांच्या दवाखान्यातल्या नर्सचा अभ्यासक्रम, जागा मिळालेली, फक्त तीन विषयांतल्या ग्रेडवर अडलेली. बाकीच्या दोन विषयांत ती झोपेत पास झाली असती. 'सी' हुकला तर मावशीच्या कॅरवान तळावर, सुट्टीला गाड्या घेऊन येणाऱ्या लोकांचे संडास धुणे. मावशीने तिच्या मापाचे हातमोजे आणूनही ठेवले होते.

शेवट सांगायला मी तयार होते, सगळे आवाज काढून.

"नको गं," ती म्हणाली. "तू सांगितलंस की सगळी माणसं हॅलिवेल सरांसारखी बोलतात."

हे खरं आहे. सर प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाआधी एक श्वास घेतात आणि शब्दानंतर जरा खेद करतात. "इथे कॅमेरा... काहीच... करत नाही." एकदा जिभेवर बसलं की उतरत नाही.

शेवटी परीक्षेच्या थोडं आधी, मधल्या सुट्टीत, ती स्वतःच सरांकडे गेली. मी तिथे हीटरवर बसून सँडविच खात होते.

"सर, मला फक्त शेवट बघायचेत."

"फक्त... शेवट?"

"सुरुवाती माहितीयेत. सगळे दुःखी आहेत."

सरांनी अभ्यासाला असलेल्या तिन्ही ब्रिटिश सिनेमांचे शेवट एकापाठोपाठ एक लावले. टॅम्सिनने चीज-कांद्याचा पफ खात ते पाहिले. एकदाही खाणं थांबवलं नाही.

"काय वाटलं?"

"तिन्हीत शेवटी कोणीतरी चहा विचारतं. घेणार का म्हणून. समोरचा उत्तर देत नाही. मग काळोख होतो."

सरांनी श्वास घेतला, खेदही केला, मधला शब्द मात्र आला नाही. मग म्हणाले, "बरं. का देत नसतील उत्तर?"

तिने घास संपवला. "हो म्हटलं तर थांबावं लागतं. नको म्हटलं तर उठावं लागतं. गप्प राहिलं की जरा वेळ मिळतो. आमचे बाबा आजी गेल्यापासून तेच करतात."



"हे लिही," सर म्हणाले. साधं म्हणाले, त्यामुळे मला त्यांची नक्कल करता येईना.

"लिहिते. वेळ मिळाला तर."

वेळेचंच अवघड होतं. पेपर दीडला सुरू होऊन चारला संपणार होता. आणि नेमके त्याच दिवशी तिच्या शेतावर मेंढ्या कातरणारे येणार होते, म्हणजे न्यायला घरून कोणी यायचा प्रश्नच नव्हता.

"आमच्याकडे राहा," मी म्हटलं. "आई सोफ्यावर घालेल अंथरूण."

"आणि लोकर कोण गुंडाळणार? बाबा गुंडाळतात ती मेलेल्या माणसासारखी दिसते."

"अर्धा तास आधी उठलीस तर तुला 'सी' मिळत नाही. लाव पैज."

"लावली. हरलीस तर शेतावर यायचं. मेंढ्यांच्या शेपटीखालची घाण झालेली लोकर कापायची असते."

"आणि जिंकले तर?"

"तर मी संडास धूत असेन. तुला आणखी काय पाहिजे?"

पेपर हातात पडल्यावर तिने तो मागून उघडला. ब्रिटिश सिनेमाचा प्रश्न शेवटी होता, तो तिने आधी लिहायला घेतला. मान वर केली ती थेट साडेतीनला, हात वर करायला.

पर्यवेक्षक बाई वाकून कुजबुजल्या, "नक्की ना बाळा? परत आत येता येणार नाही."

"परत यायला बसच नाही," टॅम्सिन म्हणाली.

मी तेव्हा त्या सिनेमांतल्या करड्या रंगाचा अर्थ लिहीत होते. दुसऱ्या पानावर होते. चारपर्यंत बसले आणि तिसरं पानही भरलं.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. मला 'सी'. टॅम्सिनला 'बी'. शाळेच्या दारात तिने माझा कागद वाचला, स्वतःचा घडी करून खिशात घातला आणि म्हणाली, "शनिवारी ये. जुनी पँट घालून."

शनिवारी मी गेले. तिने एक मेंढी पायांत दाबून धरली आणि माझ्या हातात कातर दिली. मी वाकले.

"तिकडून नाही," टॅम्सिन म्हणाली. "ते तोंड आहे."