उद्दिष्टं खरी झाली तर

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी अर्ध्या जिन्यावरून परत वर जातो, लावलेलं कुलूप ओढून बघतो आणि एसटीत बसल्यावर ही गाडी नक्की कुठली, हे शेजारच्याला पुन्हा विचारतो. भिंगारला राहून लष्कराच्या सरावाच्या तोफांना मात्र मी कधी दचकलो नाही. रेंजवर धडाम् होतं, वर्गाच्या खिडक्या थरथरतात आणि मी फळ्यावर पुढची ओळ लिहायला घेतो. मला भीती वाटते ती अवेळी वाजणाऱ्या फोनची, अंगातल्या तापाची, घरी यायला उशीर करणाऱ्या माणसांची.

लेकीनं नगरच्याच एका कॉलेजात आंतरराष्ट्रीय व्यवसाय व्यवस्थापनाच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. मुलगी पुण्याला जाणार नव्हती. सकाळी स्कूटीवरून जायचं आणि रात्री जेवायला घरी. 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द मी नावापुरताच धरला. आमच्या बाजारात इंटरनॅशनल नावाचं केशकर्तनालय आहे, आणि तिथलं सगळ्यात लांबचं गिऱ्हाईक जामखेड रोडवरून येतं.

पहिल्याच आठवड्यात कॉलेजनं पालकांना बोलावलं. विभागप्रमुख मॅडमनी पडद्यावर अभ्यासक्रमाची उद्दिष्टं दाखवली आणि एकेक वाचून समजावून दिली. विद्यार्थी अपुऱ्या माहितीवरही निर्णय घेऊ शकेल. वेगळ्या संस्कृतीतल्या माणसांशी आदरानं, पण स्पष्ट बोलू शकेल. मतभेद लपवणार नाही. धंद्यातलं योग्य-अयोग्य ओळखेल. आणि शेवटी, जगातल्या कोणत्याही देशात जाऊन काम करू शकेल.

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, अगदी निर्धास्त. मी शाळामास्तर आहे, उद्दिष्टं काय चीज असते ते मला ठाऊक होतं. धडा शिकवण्याआधी त्याचं टाचण काढावं लागतं आणि त्यात पहिल्यांदा उद्दिष्टं लिहावी लागतात. 'या पाठामुळे विद्यार्थ्यांच्या मनात शौर्य जागृत होईल,' हे मी दरवर्षी लिहितो. आजवर कुणाच्या मनात काही जागृत झालेलं मी पाहिलेलं नाही, माझ्या मनात तर नाहीच. मुख्याध्यापक सही करतात, घंटा होते आणि मुलं डबे उघडतात.

माझ्या शेजारी तिसगावकडचे एक शेतकरी बसले होते. त्यांचा मुलगा माझ्या लेकीच्या वर्गात होता. ते माझ्याकडे वाकून म्हणाले, "मास्तर, हे समदं दोन वर्सात व्हनार का?"

"कुठलं होतंय," मी म्हणालो.

"आमचं पोरगं लई अबोल हाय. तेवढं बोलतं झालं तरी लई झालं."

आम्ही दोघंही हसलो. सभा संपल्यावर चहा-बिस्किटं होती, ती खाऊन मी घरी आलो आणि ती उद्दिष्टं विसरून गेलो.

आता आमच्या घराची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे कुणी कुणाला 'नाही' म्हणत नाही. नको असलेलं स्थळ आलं की पत्रिका जुळत नाही म्हणायचं. कुणाच्या गावी जायचा कंटाळा असला की दिवस चांगला नाही. भागीदारीत पडायचं नसलं की साडेसाती. पत्रिका उघडूनसुद्धा बघायची नाही, ती कपाटातच असते. समोरचाही बहुधा आपल्यातलाच, तोही असंच करत आलेला, त्यामुळे तो खोलात शिरत नाही. बिचाऱ्या ग्रहांनी आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वाईटपणा आपल्या डोक्यावर घेतलाय. मला ही रीत फार सोयीची वाटते. भित्र्या माणसासाठीच ती कुणीतरी काढली असणार.

पहिलं वर्ष संपता संपता माझ्या बहिणीचा फोन आला. लेकीसाठी तिनं एक स्थळ काढलं होतं. मी नेहमीप्रमाणे "पत्रिका बघतो आणि कळवतो" म्हणून मोकळा होणार, एवढ्यात लेकीनं फोन मागून घेतला.

"आत्या, तू माझ्यासाठी एवढं बघितलंस, बरं वाटलं. पण मला आत्ता लग्न करायचं नाहीये. मुलगा चांगलाच असेल, पत्रिकाही जुळत असेल. मलाच नकोय."

स्वयंपाकघरात बायकोच्या हातातली पळी थांबली. बहिणीनं "बरं बाई" म्हणून फोन ठेवला. लेकीच्या बोलण्यात चढा सूर नव्हता, उद्धटपणा नव्हता, 'बरं वाटलं' म्हणाली ते मनापासून म्हणाली. आदरानं, पण स्पष्ट. पडद्यावरची ओळ मला जशीच्या तशी आठवली. टाचणातलं उद्दिष्ट खरं होताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

त्यानंतर मी तिच्यावर नजर ठेवू लागलो. एकदा जेवताना तिनं वर्गातला प्रश्न आम्हाला घातला. आपला डाळिंबांचा कंटेनर परक्या बंदरावर अडकलाय, माल खराब व्हायला लागलाय, तिथला व्यापारी फोन उचलत नाही. काय कराल?

"पाठवायचीच कशाला डाळिंबं?" मी म्हणालो. "इथे काय लोक डाळिंबं खात नाहीत?"

बायको आणि लेक पोट धरून हसल्या. मग लेक सांगू लागली, की आधी कुणाला फोन करायचा, माल तिथेच पडत्या भावात कधी काढायचा, आणि सगळं कळेपर्यंत थांबलो तर हातात काहीच कसं उरत नाही. बोलताना तिची पोळी गार झाली. मी आयुष्यभर सगळं कळेपर्यंत थांबत आलेला माणूस. समोर बसलेली ही मुलगी माझ्याच घरात वाढली, आणि तिला आता थांबता येत नव्हतं. मला तिचा अभिमान वाटायला हवा होता. वाटलाही असेल, पण भीतीच्या खाली कुठेतरी.

उरलं होतं ते शेवटचं उद्दिष्ट. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला काही मुलांना सहा महिने परदेशातल्या कंपनीत कामाला पाठवायचं होतं. नेदरलँड्समधल्या एका बंदरावर आपल्याकडची द्राक्षं आणि डाळिंबं मागवणारी एक कंपनी होती. लेकीनं तिथे अर्ज केला. मुलाखत व्हिडिओवर, आमच्याच बाहेरच्या खोलीतून. मी स्वयंपाकघरात पाटावर बसून एकच प्रार्थना करत होतो, की लाइट जाऊ दे. एरवी कुणी शिंकलं तरी जाणारी आमच्याकडची लाइट त्या दुपारी हलली नाही. बाहेरून तिचा आवाज ऐकू येत होता. मधूनच ती हसत होती. ती तिथे माणसांशी हसून बोलतेय आणि मी इथे तिचं वाईट चिंततोय, हे मला कळत होतं, तरी मी प्रार्थना थांबवली नाही.

तिची निवड झाली. बायकोनं शिरा केला. मी माझी वाटी लेकीकडे सरकवली.

पालकांचं म्हणणं ऐकायला कॉलेजनं पुन्हा एकदा बोलावलं. या वेळी एकेका घराला वेगळं. विभागप्रमुख मॅडमच्या खोलीत मी आणि लेक बसलो. मॅडमनी सगळं नीट सांगितलं, राहायची सोय, विमा, तिथे आधीपासून असलेल्या दोन मुली. मग मला विचारलं, "सर, तुमची काही हरकत?"

"हरकत कसली," मी म्हणालो. "फक्त तिच्या पत्रिकेत सध्या परदेशगमनाचा योग दिसत नाही. पुढच्या वर्षी गुरू बदलतोय. तेव्हा बघू."

मॅडमचा चेहरा पडला, पण त्यांना लगेच कळलं. त्याही आमच्यासारख्याच घरातल्या असाव्यात. "हो, घरातल्यांचं समाधान महत्त्वाचं," म्हणून त्यांनी पेनाला टोपण लावलं. झालं, सुटलो, असं मला वाटलं.

"मॅडम, एक मिनिट," लेक म्हणाली. "आमच्या घरात नाही म्हणायची ही पद्धत आहे. माझी पत्रिका बाबांनी कुणालाही दाखवलेली नाही. ते खोटं बोलत नाहीयेत, त्यांना असंच बोलता येतं. त्यांना भीती वाटतेय, एवढाच त्याचा अर्थ. आणि मला जायचंय."

कान गरम झाले माझे. उद्दिष्टांमधला तो वेगळ्या संस्कृतीतला माणूस म्हणजे मीच निघालो, आणि माझी लेक माझं म्हणणं तिसऱ्या माणसाला समजावून देत होती, मला जराही कमीपणा न आणता.

मॅडमनी फार मायेनं विचारलं, "सर, कशाची भीती वाटते?"

मी पुष्कळ विचार केला. "तिथे थंडी फार असते म्हणतात," एवढंच तोंडातून निघालं. कुणी हसलं नाही. मॅडम म्हणाल्या, गरम कपडे घेऊ आपण. तिचं जाणं पक्कं झालं.

बाहेर बाकावर तिसगावचे ते गृहस्थ आपल्या पाळीची वाट बघत बसले होते. त्यांच्या मुलाची दुबईच्या एका कंपनीत निवड झाली होती. लेक स्कूटी काढायला गेली तेवढ्यात मी त्यांच्याजवळ टेकलो आणि विचारलं, भीती नाही वाटत?

"वाटती की. पन सा म्हैन्यानं येतंयच. आमी बी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायाचो, कारखान्यावर. हे लहान हुतं तवा म्हातारीपाशी ठिवून जायाचो. गाडी हालली की पोटात कसं कालवायचं, ते आमचं आमाला ठावं."

इतके दिवस मी भीती मागे राहणाऱ्याचीच मोजत होतो. जाणाऱ्याच्या पोटातही काही होत असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

परतताना रस्त्याकडेला रसवंती दिसली आणि लेकीनं स्कूटी थांबवली. आम्ही रस सांगितला. ऊन रणरणतं होतं, आडोशाला आम्ही दोघंच. मी ग्लासातला बर्फ हलवत म्हणालो, "मुलाखतीच्या दिवशी लाइट जावी म्हणून मी प्रार्थना करत होतो."

"माहितेय," ती म्हणाली. "मी पाणी प्यायला आत आले तेव्हा तुमचे ओठ हलत होते. मलाही मधे एकदा वाटलं, जाऊ दे लाइट."

"तुला?"

"मग? मला काय भीती वाटत नाही? पण सांगू कुणाला? बाबा, तुम्ही इतके घाबरता, की घरात मला घाबरायला जागाच उरत नाही. मी जरा घाबरले असं दिसलं, की तुम्ही रात्रभर जागे. म्हणून मी हसत राहते."

हे तिनं रागानं नाही सांगितलं. मॅडमच्या खोलीत बोलली तशीच बोलली, पण मला ते फार लागलं. दोन वर्षं मी तिच्या धीटपणाला घाबरत होतो, आणि त्यातला अर्धा तिनं माझ्यासाठी पांघरलेला होता.

"कशाची वाटते, सांग," मी म्हणालो.

तिनं सांगितलं. तिथे ताप आला तर कुणाला उठवायचं. आपलं इंग्रजी ऐकून कुणी हसलं तर. कामावरून आल्यावर बोलायला कुणीच नसलं तर. ही सगळी माझीच भीती होती, शब्दसुद्धा माझेच. मग ती थांबली.

"आणि सगळ्यात मोठी म्हणजे, तुम्हाला इथे काही झालं आणि तुम्ही मला सांगितलंच नाही तर. आपल्याकडे कुणी सरळ सांगत नाही ना. मी फोनवर विचारणार आणि तुम्ही म्हणणार, मी छान आहे, तू जेवलीस का."

मी रस संपवला. महिन्याभरापूर्वी शाळेचा जिना चढताना माझ्या छातीत दुखलं होतं, डावा हात जड झाला होता. कठड्याला धरून उभा राहिलो, मग वर जाऊन तास घेतला. बायकोला सांगितलं नाही, डॉक्टरकडे गेलो नाही. इथेही ते मी इतका वेळ लिहिलं नाही, सवयच तशी. आणि रसवंतीच्या त्या आडोशात मला दोन्ही गोष्टी एकदम दिसल्या. सांगितलं तर ती थांबेल, मला हवं होतं तेच होईल. नाही सांगितलं तर तिची भीती मी इथेच खरी करून ठेवीन.

मी सांगितलं. जिना, कठडा, जड झालेला हात, सगळं.

तिनं माझा हात धरला, सोडला, परत धरला. "उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचं," ती म्हणाली. "मी घेऊन जाते. आईला आज सांगायचं." रसवाल्यानं ग्लास उचलून नेले.

"बाबा, डॉक्टर काय म्हणतात ते बघून ठरवू. त्यांनी बरं आहे म्हटलं तर मी जाणार. तुम्ही सांगितलंत म्हणून थांबले, तर पुढच्या वेळी तुम्ही सांगणार नाही."

तिचा आवाज कापत होता, आणि या वेळी तिनं ते लपवलं नाही. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि मी म्हणालो, "जा."