शिलांगणाचा मान

वर्धा जिल्ह्यात माझ्या मामेसासऱ्यांइतका शूर माणूस झाला नाही; त्यांच्यावर लढण्याची वेळ कधी आली नाही, हा त्यांचा दोष नव्हे. देवळीजवळच्या एका गावाची मालगुजारी, म्हणजे सारावसुलीचा हक्क, पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात होती. पूर्वज नागपूरकरांच्या फौजेत होते, असे ते सांगत. शत्रूला पाठ दाखवायची नाही म्हणून ते कायम भिंतीला टेकून बसत. त्यासाठी एका लग्नात त्यांनी बसलेली पंगत उठवून फिरवून बसवली होती. गावची भांडणे त्यांच्या ओट्यावर येत. दोन्ही बाजू बोलून दमल्या की ते "दोघंही चुकले" असा निकाल देत आणि चहा सांगत. निकाल कोणी मानत नसे, पण चहा येईपर्यंत भांडण बहुधा मिटलेले असे. एकदा वानरांची टोळी अंगणातल्या पापडांवर उतरली. मामा तलवार घेऊन बाहेर आले आणि नुसतेच उभे राहिले.

"निःशस्त्रावर तलवार उपसाची नाई. आपल्या घराण्याची रीत हाये."

"सांभाळा रीत," मामी म्हणाल्या, "तोवर पापड खाऊन घेतीन ते." आणि त्यांनी काठी घेऊन वानरे पिटाळली.

सरकारने मालगुजारी रद्द केली, ती बातमी मामांनी परगावच्या पावसाची ऐकावी तशी ऐकली. वसुली गेली, रुबाब गेला. उरला एकच मान, शिलांगणाचा: दसऱ्याला तलवार घेऊन मिरवणुकीच्या पुढे चालायचे आणि गावाची शीव सर्वांआधी ओलांडायची. मग पंचायतीची निवडणूक झाली. सरपंच झाला तो मामांचाच जुना गाडीवान, आणि शीव यापुढे सरपंच ओलांडेल, असे पंचांनी ठरवले. त्या दसऱ्याला मामा सकाळपासून फेटा बांधून घरात बसले. आपले डोके दुखते आहे, असे ते आल्यागेल्याला न विचारता सांगत होते.

दुपार कलल्यावर सरपंच दारात आला.

"मालक, चला. लोकं उभे हायेत."

"सरपंच तू. तूच ने त्याइले."

"आजवर तुमच्या मागं चाललो जी. पुढं कसं चालाचं, मले का मालूम?"

"त्यात का हाये? सरळ चालाचं."

"मंग मागून सांगत राहजा."

मामा उठले. शिवेची वाट नाकासमोर होती, आणि या गाडीवानाने त्याच वाटेवर जन्मभर बैल हाकले होते. तरी थोडे चालून तो वळे आणि विचारी, "मालक, वाट बराबर हाये ना?" मामा थांबत, लांबवर नजर टाकत. "बराबर हाये. चाल." शीव सरपंचानेच आधी ओलांडली. पुढे दरसाल हेच चालले.

मामा गेले त्या वर्षीच्या दसऱ्याला मी तिथे होतो. सरपंच वाटेत थांबून मागे वळला. मिरवणूकही थांबली. मग तो पुढे चालू लागला, आणि शीव येईपर्यंत पुन्हा वळला नाही.