क्रमांक २१४ आणि तुटलेलं बटण

विमलताईंनी पिशवीतून फोटो काढून माझ्या टेबलावर ठेवला, तेव्हा तोच फोटो माझ्या स्क्रीनवर उघडा होता. फक्त मधल्या माणसाचा चेहरा वेगळा होता.

मी पुसदला कॉलेजात ग्रंथपाल आहे. रविवारी एका स्थानिक इतिहासाच्या वेबसाइटचा मेटाडेटा बघते. मेटाडेटा म्हणजे फोटोसोबतची माहिती: कोण, कुठे, कधी, कोणी दिला. ती नसेल तर फोटोत नुसती अनोळखी माणसं उरतात.

स्क्रीनवरचा फोटो क्रमांक २१४ होता. महागाव तालुक्यातल्या एका शाळेचा पहिला दिवस. मध्ये हातात घंटा घेऊन 'शाळेचे संस्थापक', म्हणजे आमच्या वेबसाइट समितीच्या अध्यक्षांचे वडील. फोटो अध्यक्षांनीच दिलेला. विमलताईंच्या प्रतीत ती घंटा त्यांच्या वडिलांच्या, नामदेव गुरुजींच्या हातात होती.

"शाळा माह्या बाबानं काढली, मॅडम. आधी दोन वर्सं झाडाखाली शिकवलं. आता गावात कोणाले त्यायचं नावबी माहीत नाही. तुमच्या साईटवर तेवढं लावा."

मी दोन्ही प्रती स्कॅन करून मोठ्या केल्या. रांगेतली मुलं तीच. कोट तोच. कोटाचं दुसरं बटण दोन्हीकडे तुटलेलं.

"मायनं ते बटन शेवटपर्यंत लावलंच नाही," विमलताई हसल्या.

म्हणजे स्टुडिओत गुरुजींच्या धडावर दुसरं डोकं बसवलं होतं. तेव्हा हे काम कात्रीने आणि ब्रशने व्हायचं. मानेजवळ ब्रशचा फटकारा दिसत होता.

विमलताईंच्या प्रतीला मी २१४-ब क्रमांक दिला, गुरुजींचं नाव लिहिलं आणि अध्यक्षांना बोलावलं. त्यांनी दोन्ही फोटो आलटून पालटून बघितले.

"एकच फोटो दोनदा कायले लावून राह्यल्या, मॅडम?"

"तुमच्या प्रतीत डोकं बदललंय, साहेब. बटण बघा."

"माह्या बाबाचं चाळीस एकर वावर होतं. तुटक्या बटनाचा कोट घातला असता का त्यायनं?"

"मी तेच म्हणतेय."

ते हसले नाहीत. "नियमावली काढा. कलम सात वाचा."

कलम सात मीच लिहिलं होतं. एका फोटोच्या दोन प्रती आल्यास स्पष्ट प्रत ठेवावी, दुसरी काढावी. लग्नाच्या अल्बममधला एकच फोटो दहा घरांतून यायचा, म्हणून.

विमलताईंची प्रत पिवळी, घडीवर फाटलेली. अध्यक्षांची चकचकीत.

"कोणती स्पष्ट हाय? सांगा नं. नियम तुमचाच हाय."

लॉगिन माझं होतं. डिलीट मीच केलं. खरी हकिकत 'अंतर्गत शेरा' या रकान्यात लिहिली. तो रकाना वाचकांना दिसत नाही.

पुढच्या रविवारी विमलताई मोबाईलवर २१४ उघडूनच आत आल्या.

"बाबाचा कोट तेवढा दिसते," त्या म्हणाल्या. मग टेबलावरची आपली प्रत त्यांनी पिशवीत ठेवली. "तुमाले तर बटन दिसलं होतं नं, मॅडम?"

मी कलम सात बदललं. आता दोन्ही प्रती ठेवायच्या. समितीने ते मंजूर केलं, पण फक्त यापुढे येणाऱ्या फोटोंसाठी.

नियम लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर लग्नाचे अल्बम होते. तो वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काय असेल, याचा रकाना मी ठेवला नव्हता.