मधल्याचा हिस्सा

गळ्यात टेप अडकवल्याशिवाय ती दाराबाहेर पडत नसे, म्हणून सगळी गल्ली तिला टेपताई म्हणे. शाळेचे गणवेश शिवता शिवता तिची तीस वर्षं गेली. लग्न राहूनच गेलं. आई आधीच गेली होती. मग वडीलही गेले आणि मागे उरली गावाबाहेरची सहा एकर जमीन.

वारस तिघं. टेपताई, पंप दुरुस्त करणारा धाकटा भाऊ आणि मधला. मधला एकोणिसाव्या वर्षीच घर सोडून गेला होता. नांगरटीवरून बापलेकात वाजलं आणि वडील भर अंगणात ओरडले, "या मातीशी तुझा काही संबंध नाही!" मधल्याने ते मनाला लावून घेतलं. सत्तावीस वर्षांत ना पत्र, ना निरोप.

धाकट्याने कागद आणला. "ताई, इथे सही कर. आपण दोघंच वारस, एवढंच लिहिलंय."

"आणि मधला?"

"असता तर आला नसता का?"

"तू लहान होतास रे. वडील काय बोलले ते मी ऐकलंय. भावाला माझ्या हाताने मारायला सांगू नकोस."

धाकटा तणतणत गेला तो महिनाभर फिरकला नाही. टेपताई एकटीच जमीन कचेरीत गेली.

"बाई, तिसऱ्याला नोटीस द्यावी लागेल," कारकून म्हणाला. "पत्ता?"

पत्ता असता तर ती केव्हाच जाऊन त्याचा कान धरून त्याला घेऊन आली असती. शेवटी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. मुदत तीस दिवसांची. छापलेल्या त्याच्या नावावरून तिने कितीदा बोट फिरवलं. फाटक वाजलं की मशीन थांबायचं. एका शर्टाला तर तिने दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

सव्विसाव्या दिवशी कचेरीतून बोलावणं आलं. टपालाने एक चिठ्ठी आली होती. "माझा हिस्सा ताईला द्यावा. माझं काही मागणं नाही." खाली सही. पाठवणाऱ्याचा पत्ता नाही, शिक्का पुसट. पण अक्षर त्याचंच होतं. 'ह'ची शेपूट अजून तशीच लांबलचक.

"आहे," एवढंच ती म्हणाली आणि बाकावर बसली. डोळे पुसून झाले तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. त्याने नोटीस वाचली. वडील गेल्याचं त्याला कळलं. ताई वाट बघतेय हेही कळलं. तरी आला नाही.

निरोप मिळताच धाकटा धावत आला. "झालं की मग! लिहूनच दिलंय त्याने."

कारकुनाने मान हलवली. "चिठ्ठीने हक्क सुटत नाही. स्वतः येऊन, नोंदणी करून सही करावी लागते."

"स्वतः यावंच लागतं?" टेपताईने विचारलं.

"यावंच लागतं."

"मग राहू द्या त्याचं नाव."

धाकट्याने तिच्याकडे बघितलं आणि तो कारकुनाला म्हणाला, "लिहा मग तिघांचं." नोंद तिघांच्या नावाने झाली. पुढच्या पेरणीला धाकटा स्वतःच ताईला शेतावर घेऊन गेला. दोघं बांधावर उभी राहिली.

"ताई," तो हळूच म्हणाला, "मधल्याची बाजू कुठली धरायची?"

"विहिरीकडची," ती म्हणाली. "आणि पडीक ठेवू नकोस. त्याचीही पेर."